मर्यादित खर्चात पहिला परदेश प्रवास : व्हिएतनामच्या उदाहरणावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे नात्यातली, शेजारची आणि नोकरीच्या ठिकाणची मंडळी पहिल्या परदेश प्रवासाआधी माझ्याकडे काही ठरावीक शंका घेऊन येतात. त्यांतील बहुतेक जण नोकरदार किंवा लहान व्यावसायिक असतात, घरातून कोणीही आजवर परदेशी गेलेले नसते आणि हाताशी साठ-सत्तर हजारांपेक्षा जास्त रक्कम नसते. त्यांना दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सगळ्या देशांविषयी थोडे थोडे लिहिण्याऐवजी एकच देश उदाहरणादाखल घेतला, तर हिशेब नीट मांडता येतो, म्हणून व्हिएतनाम निवडला आहे. पासपोर्ट, पैसे आणि विमा यांविषयीचे बरेचसे विवेचन इतर देशांनाही लागू पडते.

पहिल्याच प्रवासासाठी व्हिएतनाम का? युरोप का नाही?

युरोपला जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र तेथे खिशातून जाणारा पैसा प्रवास सुरू होण्याआधीच जाऊ लागतो. युरोपातील बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, ठशांसाठी केंद्रावर स्वतः जावे लागते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. एवढे करूनही व्हिसा नाकारला गेला, तर शुल्क परत मिळत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलरना मिळतो, तो घरबसल्या काढता येतो आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याची मुदत ९० दिवसांपर्यंत आहे. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत. तेथील वेळ आपल्यापेक्षा केवळ दीड तास पुढे असल्यामुळे झोपेचे गणितही फारसे बिघडत नाही.

व्हिएतनाम स्वस्त आहे, यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे की, तेथे कमी पैशांत राहणारा प्रवासी उपरा ठरत नाही. पदपथावरच्या बुटक्या खुर्चीवर बसून जेवणारा माणूस तेथे स्थानिकही असतो आणि पाहुणाही.

एवढेही पैसे जमणार नसतील तर?

तर नेपाळचा विचार करावा, आणि त्यात काहीही कमीपणा मानू नये. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तेथून सुनौलीपर्यंत रस्त्याने आणि सीमा ओलांडून पुढे बसने लुंबिनी, पोखरा किंवा काठमांडू असा प्रवास विमानाचे तिकीट न काढताही होतो. नेपाळी रुपयाचा दर एका भारतीय रुपयाला १.६० असा बांधलेला असल्यामुळे विनिमयाची चिंताही नसते. महाराष्ट्रातील अनेक बौद्ध कुटुंबांचा पहिला परदेश प्रवास लुंबिनीचाच असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, ही आठवण त्यांतील पुष्कळांच्या मनात असते.

सुरुवात कोठून करावी? आधी तिकीट की आधी पासपोर्ट?

आधी पासपोर्ट. स्वस्त तिकिटाची जाहिरात पाहून पासपोर्ट हाती नसताना आरक्षण करणाऱ्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. अर्ज पासपोर्ट सेवा या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावा, कारण तशाच नावाची आणि रंगरूपाची खाजगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे, तत्काळ हवा असल्यास आणखी २००० रुपये लागतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी शुल्क १००० रुपये असते. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे प्रादेशिक कार्यालये आहेत, गोव्यातील अर्जदारांसाठी पणजीला कार्यालय आहे, आणि २०१७ पासून अनेक जिल्ह्यांतील टपाल कार्यालयांतही पासपोर्टची कामे होत असल्यामुळे मोठ्या शहरात जाण्याचा खर्च पुष्कळांचा वाचतो. पोलीस पडताळणीसाठी लागणारा वेळ ठाण्यागणिक बदलतो, म्हणून प्रवासाच्या किमान तीन-चार महिने आधी अर्ज केलेला चांगला.

दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र अर्जासोबत अवश्य द्यावे. त्यामुळे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा पासपोर्टवर येत नाही. हा शेरा पर्यटनाच्या आड येत नाही, पण उद्या घरातील कोणाला आखाती देशात नोकरीसाठी जायचे झाले, तर तो अडचणीचा ठरू शकतो.

ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे त्यांनी त्याची मुदत आजच पाहावी. व्हिएतनामसह बहुतेक देश, तेथे पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अपेक्षा ठेवतात.

लग्नानंतर माझे नाव बदलले आहे, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. तिकीट कोणत्या नावाने काढावे?

पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने, अक्षर न अक्षर तसेच. आधार, पॅन किंवा बँकेच्या पुस्तकावर काय लिहिले आहे याचा येथे संबंध नसतो. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती नाही, त्यामुळे माहेरच्या नावाचा वैध पासपोर्ट घेऊन नवऱ्याबरोबर प्रवास करण्यात कोणतीही आडकाठी नसते.

महाराष्ट्रातील नावांची रचना येथे थोडी अडचण निर्माण करते, म्हणून हा मुद्दा विस्ताराने सांगतो. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहितो. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात : एक आडनावाचा आणि दुसरा दिलेल्या नावाचा. बहुतेक मराठी पासपोर्टांवर दुसऱ्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे एकापुढे एक असतात. तिकीट काढताना आणि व्हिसाचा अर्ज भरताना ती दोन्ही तशीच लिहावीत. विमान कंपनीच्या तिकिटावर ती कधी जोडून छापली जातात, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र स्पेलिंगमधील एका अक्षराची चूकही व्हिसावर राहिली, तर विमानात बसण्याआधीच अडवले जाऊ शकते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना पतीच्या नावातील एक अक्षर गाळल्यामुळे पत्नीचा व्हिसा पुन्हा शुल्क भरून काढावा लागला होता. अर्ज एकाने भरावा आणि पासपोर्ट हातात धरून दुसऱ्याने मोठ्याने वाचून तपासावा, हा आमच्या घरचा रिवाज त्यानंतर पडला.

ई-व्हिसा स्वतः काढता येतो का, की एजंट लागतो?

स्वतः काढता येतो. व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’ असा संपतो, एवढी खूण लक्षात ठेवली तर फसवणूक टळते. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचे स्वच्छ छायाचित्र, चष्म्याविना काढलेला स्वतःचा फोटो, मुक्कामाचा पत्ता आणि २५ डॉलर भरण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड एवढे लागते. शुल्क परत मिळत नाही. कामकाजाचे तीन दिवस अशी मुदत सांगितली जाते, पण सणासुदीला उशीर होतो, म्हणून तीन-चार आठवडे आधी अर्ज करावा. अर्जात प्रवेशाचे विमानतळ विचारले जाते आणि ते तिकिटाशी जुळले पाहिजे. लहान मुलांसाठीही स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने शुल्क चौघांचे धरावे. व्हिसा मिळाल्यावर त्याच्या दोन छापील प्रती काढून ठेवाव्यात.

दिवाळीच्या सुट्टीत जावे की मे महिन्यात?

खर्चाचा खरा निर्णय याच प्रश्नात दडलेला असतो, आणि तरीही तो बहुतेक वेळा घाईत उरकला जातो.

व्हिएतनाम हा उत्तरेकडून दक्षिणेकडे लांबलचक पसरलेला देश आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्गच १७२६ किलोमीटरचा आहे. त्यामुळे संपूर्ण देशाचा एकच पावसाळा नसतो. उत्तर आणि दक्षिण भागांत पाऊस साधारण आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर या काळात पडतो. ह्यू, दा नांग आणि होई आन हा मधला किनारी पट्टा मात्र सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत भिजतो, आणि त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत वाईट. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी तेथील पुराच्या दिवसांत येते. २०२५ च्या दिवाळीनंतर लगेचच, ऑक्टोबरच्या अखेरीस, ह्यू आणि होई आन ही दोन्ही शहरे पाण्याखाली गेली होती. अशा वेळी स्वस्त मिळालेली खोली काय कामाची? दिवाळीत जायचेच असेल, तर मधला पट्टा वगळून हनोई आणि निन्ह बिन्ह हा उत्तरेचा भाग निवडावा, कारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून तेथील हवा कोरडी आणि सुखद होऊ लागते.

मे महिन्यात सर्वत्र उकाडा असतो, पण विदर्भातून किंवा मराठवाड्यातून जाणाऱ्याला तो नवा नाही, त्रास होतो तो दमटपणाचा. मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्यांनी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलची सुरुवात हा काळ धरावा, त्या दिवसांत तिन्ही भाग एकाच फेरीत पाहता येतात. हनोईत फेब्रुवारीत मात्र गारवा आणि धुके असते, तेव्हा स्वेटर न्यावा. व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येते. तो आठवडा टाळावा. पुष्कळ दुकाने आणि खानावळी तेव्हा बंद असतात, रेल्वे-विमानांची तिकिटे मिळत नाहीत आणि मिळाली तर महाग असतात.

एका माणसाला एकूण किती खर्च येईल?

खालील हिशेब दोघांनी मिळून केलेल्या सात रात्रींच्या प्रवासाचा आहे आणि आकडे दर माणशी आहेत. हे अंदाजपत्रक आहे, तिकिटांचे दर रोज हलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या तारखांसाठी ते पुन्हा तपासावेत.

हनोईला जाणारे आणि हो ची मिन्ह सिटीहून परतणारे विमान, सामानासह, २८,००० रुपये धरावे. व्हिसाला २,३००, विम्याला ७००. सहा रात्री दोघांच्या खोलीसाठी दररोज २,००० रुपये धरले, तर एकाच्या वाट्याला ६,००० येतात. सातवी रात्र हनोई ते दा नांग या रेल्वेत जाते, तिच्या शयनयान तिकिटाला ३,५००. दा नांगहून हो ची मिन्ह सिटीपर्यंतच्या देशांतर्गत विमानाला ४,०००. आठ दिवसांच्या जेवणाला दररोज ९०० प्रमाणे ७,२००. शहरांतील बस आणि टॅक्सी ३,०००, प्रवेशशुल्के आणि आसपासच्या सहली ४,०००, फोन ६००, आणि आपल्या गावाहून मुंबई विमानतळापर्यंतचे जाणे-येणे १,५००. या सगळ्यांची बेरीज ६०,८०० रुपये होते. त्यात ६,००० रुपये अडीअडचणीसाठी मिळवले की ६६,८००.

हा शेवटचा आकडा कोणी कापू नये. तो खर्च झाला नाही, तर घरी परत येतोच.

ही रक्कम उभी कशी करावी? कर्ज काढावे का?

पर्यटनासाठी वैयक्तिक कर्ज काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दरमहा ५,६०० रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर चालवली, तर मुद्दलच ६७,२०० रुपये होते. आमच्या परिचयातील चार मैत्रिणींनी भिशी लावून, प्रत्येकीची पाळी येईल तसे तिचे विमानाचे तिकीट काढले आणि वर्षअखेरीस चौघी एकत्र गेल्या. ही पद्धत चांगली आहे, मात्र तिच्यात सगळ्यांच्या तारखा आधी पक्क्या ठरलेल्या असाव्या लागतात, आणि भिशी ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांतच लावावी.

विमानाचे स्वस्त तिकीट खरोखर स्वस्त असते का?

ते तिकिटात काय अंतर्भूत आहे यावर अवलंबून असते. कमी दराच्या कंपन्यांच्या मूळ भाड्यात अनेकदा केवळ सात किलोंचे हातातले सामान असते. मोठी बॅग, जागेची निवड आणि जेवण यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि बॅगेचे पैसे आरक्षणाच्या वेळी न भरता विमानतळावर भरले तर कितीतरी अधिक पडतात. म्हणून तुलना करताना नेहमी बॅगेसह अंतिम रकमेची करावी. दोघांनी मिळून एकच मोठी बॅग नेणे हा सोपा मार्ग आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून जोडविमान घेताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना, हे पाहावे. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची कोणतीही जबाबदारी राहत नाही.

रोख रक्कम किती न्यावी? कार्ड चालते का? यूपीआय चालेल का?

व्हिएतनामचे चलन डोंग आहे आणि आपल्याकडे ते चांगल्या दराने मिळत नाही. त्यामुळे अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून किंवा बँकेकडून अमेरिकी डॉलर घ्यावेत आणि तेथे पोहोचल्यावर बँकेत किंवा अधिकृत विनिमय केंद्रात बदलावेत. नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या मागून घ्याव्यात, कारण फाटकी किंवा शिक्का मारलेली नोट तेथे नाकारली जाते किंवा तिला कमी दर मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बहुतेक देशांच्या प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन रोख नेता येते. आपल्या हिशेबात त्याचा दहावा भाग पुरेसा होतो. घेतलेल्या चलनाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर पैसे रोखीने देता येत नाहीत, ते बँकेमार्फतच द्यावे लागतात. पावती जपून ठेवावी.

बाकीची रक्कम कार्डावर असावी, आणि कार्डे दोन असावीत, दोन वेगवेगळ्या बँकांची, दोन वेगवेगळ्या खिशांत. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे सुरुवातीला केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू असतात, त्यामुळे निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय वापर चालू करून घ्यावा. नेहमीच्या कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारासाठी बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. हे शुल्क न लावणारी किंवा कमी लावणारी कार्डेही मिळतात, तेव्हा आपल्या बँकेला आधी विचारावे. दुकानातील किंवा एटीएममधील यंत्राने ‘रुपयांत पैसे घेऊ का?’ असे विचारले, तर नाही म्हणावे आणि डोंग निवडावेत, कारण रुपयांचा पर्याय निवडल्यास दर ते यंत्र ठरवते आणि तो नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

आपले यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतील ठरावीक दुकानांत चालते. व्हिएतनाममध्ये त्यावर विसंबून राहू नये.

डोंगांचा हिशेब पहिले दोन दिवस गोंधळात टाकतो. एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात असे धरले, तर किमतीतील शेवटची तीन शून्ये काढून उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणावे. ५०,००० डोंगांचे जेवण म्हणजे १७५ रुपये. उत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त येते, आणि ते तसेच असलेले बरे. पाच लाखांची आणि वीस हजारांची या दोन्ही नोटा निळसर असल्यामुळे त्या पाकिटात वेगळ्या ठेवाव्यात. अंधारात टॅक्सीचे भाडे देताना ही चूक होते आणि ती महागात पडते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावे लागेल का?

नाही, पण एक शब्द शिकून जावे लागेल. शाकाहाराला व्हिएतनामी भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ ‘चाय’ असा होतो. ‘तोय आन चाय’ म्हणजे ‘मी शाकाहारी जेवतो’. केवळ ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, कारण माशांपासून बनवलेला ‘नुओक माम’ हा द्रव तेथील बहुतेक पदार्थांत आपल्याकडील मिठासारखा पडतो आणि पुष्कळांच्या लेखी तो मांसात मोडत नाही. ‘चाय’ म्हटले की मात्र अर्थ पक्का होतो, कारण तो शब्द बौद्ध आचारातून आलेला आहे. तेथील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. आपल्या एकादशीला फराळाचे पदार्थ जसे सहज मिळतात, तशी त्या दिवसांत शाकाहारी खानावळींत गर्दी असते. दारावर ‘कोम चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळीत भात, टोफू, मशरूम आणि पालेभाज्यांचे पोटभर ताट पदपथावरच्या दरात मिळते. लसूण-कांदाही न खाणाऱ्या जैन प्रवाशांनी खोलीवर करता येईल असे कोरडे खाणे बरोबर नेलेले चांगले.

घरून काय न्यावे याविषयीही येथेच सांगतो. चिवडा, लाडू, थेपले, मेतकूट चालते. सुके खोबरे मात्र विमानात धोकादायक माल समजले जाते, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात. प्रवास दुबईमार्गे किंवा सिंगापूरमार्गे असेल, तर खसखस लावलेले अनारसेही नेऊ नयेत. खसखस अफूच्या झाडाची असल्यामुळे त्या देशांत तिच्यावर बंदी किंवा निर्बंध आहेत आणि दिवाळीचा डबा तपासणीत अडकू शकतो. लोणचे न्यायचेच असेल, तर ते चढवलेल्या बॅगेत घट्ट बांधून न्यावे, हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत काहीही पातळ चालत नाही. पॉवर बँक मात्र उलट : ती हातातल्या सामानातच हवी.

सात रात्रींत किती ठिकाणे पाहावीत?

दोन मुक्काम पुरेत, हनोई आणि होई आन. पाच शहरांची यादी घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो आणि ते बहुधा नाराज होतात. प्रत्येक नवे शहर म्हणजे आणखी एक तिकीट, विमानतळाकडे किंवा स्थानकाकडे जाणारी आणखी दोन टॅक्सी-भाडी आणि सामान बांधण्या-सोडण्यात गेलेला अर्धा दिवस.

हनोईत तीन रात्री राहून एक दिवस निन्ह बिन्हला जावे. तेथील त्रांग आन येथे चुनखडीच्या डोंगरांखालच्या गुहांतून वल्ह्यांच्या होडीने फिरवतात. हे ठिकाण २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि होडीसह तिकीट सुमारे २,५०,००० डोंग पडते. ‘हा लोंग’ नावाच्या उपसागरातील बोटीवरची रात्र सुंदर असते, पण ती या हिशेबात बसत नाही. चुनखडीचे तेच डोंगर त्रांग आनमध्ये पाण्यातून वर आलेले दिसतात. चौथ्या रात्री दा नांगची रेल्वे पकडावी. सकाळी ह्यू सोडल्यावर गाडी हाय वान घाटातून समुद्राच्या कडेने जाते. आपल्या कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यालाही त्या दोन-तीन तासांत खिडकी सोडवत नाही.

दा नांगजवळच्या होई आनमध्ये तीन रात्री असाव्यात आणि त्यांतील एक सकाळ ‘मी सन’ या प्राचीन मंदिरस्थळासाठी राखून ठेवावी. चंपा या तेथील प्राचीन राज्याच्या राजांनी तेथे अनेक शतके शिवमंदिरे बांधली. भाजक्या विटांची ती मंदिरे डोंगरांच्या कुशीत आहेत आणि युद्धकाळातील बॉम्बवर्षावात त्यांतील पुष्कळ उद्ध्वस्त झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अलीकडच्या काळात त्यांतील काही मंदिरसमूहांचे जतनकार्य केले आणि त्या कामात २०२० मध्ये एकाच दगडात घडवलेले नवव्या शतकातील शिवलिंग सापडले. घरापासून हजारो किलोमीटरवर संस्कृत शिलालेखासमोर उभे राहिल्यावर काय वाटते, ते शब्दांत सांगणे मला जमलेले नाही. प्रवेशशुल्क १,५०,००० डोंग आहे. ऊन चढण्याआधी, सकाळी लवकर जावे.

तेथे स्कूटर भाड्याने घ्यावी का? सगळे घेतात असे ऐकले आहे.

घेऊ नये. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जीनिव्हा करारानुसार असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेले परवाने मानतो. दुकानदार पासपोर्ट पाहून गाडी देईलही, परंतु कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना चालक असता, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी याच कारणावरून दावा फेटाळू शकते. पुण्याच्या रहदारीत वीस वर्षे गाडी चालवली, हे तेथे कामाला येत नाही, कारण तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. होई आनमध्ये सायकल घ्यावी, इतरत्र ग्रॅब या ॲपवरून गाडी बोलवावी. भाडे आधीच दिसते आणि घासाघीस करावी लागत नाही.

विमा सक्तीचा नाही, मग तो का काढावा?

कारण भारतातील आरोग्य विमा बहुधा देशाबाहेर लागू होत नाही. आठ दिवसांच्या विम्याला लागणारी रक्कम दोघांच्या एका रात्रीच्या जेवणाइतकी असते. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास तो अर्जात लपवू नये, आणि त्या आजारांना संरक्षण मिळते का, हे कागदावर वाचून घ्यावे. औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात ठेवावीत.

आई-वडिलांना बरोबर न्यायचे आहे. स्वतः आखणी करावी की यात्रा कंपनीबरोबर जावे?

सत्तरीच्या पुढच्या, मराठीशिवाय दुसरी भाषा न बोलणाऱ्या आणि दोन वेळा घरच्यासारखे जेवण लागणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मराठी व्यवस्थापक बरोबर देणारी सहल योग्य ठरते, जरी ती दीडपट महाग पडली तरी. अशा सहलीच्या रकमेवर कंपनी उगमस्थानी कर गोळा करते. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, म्हणून तो आधी विचारून घ्यावा आणि ती रक्कम एकूण खर्चात धरावी. हा कर बुडीत जात नाही, प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. मात्र तोपर्यंत पैसे अडकून राहतात.

पासपोर्ट हरवला तर?

स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि हनोईतील भारतीय दूतावासाशी किंवा हो ची मिन्ह सिटीतील वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. तेथे परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या छायाप्रती व दोन फोटो वेगळ्या बॅगेत ठेवलेले असले, तर हे काम पुष्कळ सोपे होते. मूळ पासपोर्ट कोणाकडेही तारण म्हणून ठेवू नये.

मुंबई विमानतळावर आणि तेथे उतरल्यावर नेमके काय करायचे असते?

विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचावे. सामान देणे, उत्प्रवास तपासणी आणि सुरक्षा तपासणी असा क्रम असतो. भारतीय प्रवाशांना निर्गमनाचा अर्ज भरावा लागत नाही, ती पद्धत जुलै २०१७ मध्ये बंद झाली. अधिकारी कोठे जाता, किती दिवस आणि कशासाठी, एवढे विचारतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि व्हिसा यांच्या छापील प्रती एका पारदर्शक पिशवीत हाताशी असाव्यात. उत्तरे मराठमोळ्या हिंदीत दिली तरी चालतात.

हनोईच्या नोई बाई विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मिळाला की, आतच थोडे डॉलर बदलून घ्यावेत, अगदी वीस-तीस, कारण शहरात बहुधा अधिक चांगला दर मिळतो. फोनचे सिमकार्ड तेथेच घेता येते. दारात येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा आणि ८६ क्रमांकाची केशरी बस शोधावी. ४५,००० डोंगांत ती जुन्या शहराजवळून हनोई रेल्वे स्थानकापर्यंत जाते. रात्री उशिरा ती नसते, तेव्हा ग्रॅबची गाडी बोलवावी. खोलीवर सामान ठेवल्यावर पहिला रस्ता ओलांडताना दुचाकींचा लोंढा थांबण्याची वाट पाहत उभे राहू नये, तो थांबत नाही. एका संथ, सारख्या चालीने पुढे जात राहावे, मध्येच थबकू नये आणि धावूही नये. चालक तुमची चाल पाहून बाजूने वळतात. पहिल्यांदा भीती वाटली, तर एखाद्या स्थानिक आजींच्या शेजारी उभे राहावे आणि त्या निघाल्या की त्यांच्याबरोबर निघावे.